मानाची वानगी

आमच्या गावात कोणालाही विचारा, सुपारीला भाव का नाही, तर उत्तर एकच मिळे : दलाल.

मी अडीच महिने वही घेऊन घरोघर फिरलो. वहीत चार रकाने आखले होते. संध्याकाळी दिव्याची वात सारखी करून बसलो की चारही रकान्यांत तोच शब्द उमटलेला दिसे.

"सिंगापूरची, सिलोनची सुपारी मुंबई बंदरात उतरते आहे म्हणतात. त्याचा काही परिणाम?"

"दलाल उतरवतो ती."

"शहरातली तरुण मंडळी आता चहा आणि विडीच्या मागे लागली आहेत, विडा खात नाहीत. हे तुमच्या कानावर आलं आहे का?"

"आपला दलालच ओढतो विडी. मी डोळ्यांनी पाहिलं आहे."

"बरं, सगळ्याच मालाची मंदी आहे. भात उतरलं, नारळ उतरले…"

"त्याचा दलाल निराळा आहे. पण जातीचा तोच."

मी वही मिटून घरी येई. मोठ्याने ओरडावे असे वाटे, पण ओरडणे मला शक्य नव्हते. त्या सगळ्या घरांचा भात माझ्या अंगात होता.

हे नीट सांगायला हवे. माझे वडील बोर्ली पंचतनच्या पलीकडे खाडीकाठच्या एका वस्तीत भिक्षुकी करीत. तिथे शाळा चौथीपर्यंत होती. पुढे शिकायचे म्हणून त्यांनी मला या समुद्रकाठच्या गावी आणून सोडले आणि सात घरी सात वार लावून दिले. सोमवारी एका घरी जेवायचे, मंगळवारी दुसऱ्या. सातही घरे पोफळीच्या वाड्यांची. सात वर्षे मी असा जेवलो. पुढे मुंबईच्या कॉलेजात गेलो तेव्हा या घरांनी मिळून माझी फी भरली. मी बी.ए. झालो तेव्हा आमच्या घराण्यात त्या दोन अक्षरांचा अर्थ सांगू शकेल असा मी एकटाच होतो. गावाने मात्र ती अक्षरे माझे नावच करून टाकले. "काय रे बीए, कधी आलास?" अशी हाक लहानथोर सगळे मारीत.

माझ्या मनात मात्र माणसांची नावे वारांवरूनच राहिली. सोमवारचे आजोबा म्हणजे गावचे मानकरी आणि बागायतदारांच्या सोसायटीचे अध्यक्ष. गुरुवारच्या काकू म्हणजे तरुणपणीच विधवा झालेल्या, एकट्या. त्यांची वाडी सगळ्यांत लहान, अगदी पुळणीला लागून. वाळूची जमीन आणि खारा वारा यांमुळे त्यांच्या पोफळींना सुपारी बारीक धरे. बारीक आणि टणक.

बी.ए. होऊन मी परत आलो तेव्हा सोसायटीने मला काम दिले : सुपारीचा भाव का पडतो आणि पुढे काय करावे, याचा अहवाल लिहायचा. मी उपकाराने भारावून गेलो. कॉलेजात अर्थशास्त्राचे प्रोफेसर आम्हाला सांगत, की जो धंदेवाला कुंपणाच्या आत बसून स्वतःचीच झाडे मोजतो, त्याला आपला धंदा बुडाल्याचे सर्वांच्या शेवटी कळते. कुंपणाबाहेर बघा. सरकार काय करते आहे, पैसा कुठे चालला आहे, लोकांच्या सवयी कशा बदलताहेत, नवी यंत्रे कोणती आली. ते मी तोंडपाठ केले होते. माझे चार रकाने तिथूनच आले होते.

अहवालाची घाई सर्वांत जास्त होती ती गुरुवारच्या काकूंना. त्यांच्या गिरगावातल्या दिरांनी पत्र पाठवले होते. वाडी दहा वर्षांच्या मक्त्याने दलालाला देऊन टाकावी आणि वहिनींनी मुंबईला येऊन आमच्या बिऱ्हाडी राहावे, असा मजकूर. अक्षय्य तृतीयेपर्यंत हो की नाही ते कळवायचे होते. काकूंनी ते पत्र मला दोनदा वाचायला लावले.

"गिरगावात राहायचं म्हणजे जावेच्या स्वयंपाकघरात राहायचं," त्या म्हणाल्या. "तुझा तो अहवाल काय म्हणतो? वाडी ठेवू की देऊ, एवढंच सांग."

"थोडं थांबा, काकू. सभेत वाचू दे."

"वाच बाबा. पण मोठ्याने वाच. आत ऐकू आलं पाहिजे."

बायका सभेत बसत नसत. काकू माजघरात दाराआड बसणार होत्या.

सभा सोमवारच्या आजोबांच्या ओटीवर भरली. आमच्याकडे विडा झाल्याशिवाय कोणत्याही कामाला हात लागत नाही, आणि पहिला विडा कोणाला हे ठरल्याशिवाय विडा होत नाही. अध्यक्ष म्हणून आजोबांचा पहिला, यावर वाद नव्हता. दुसरा मंगळवारच्यांचा की शनिवारच्यांचा, यावर होता. शनिवारचे म्हणाले, त्यांच्या पणजोबांपासून दुसरा विडा त्यांच्या घरी आहे. मंगळवारचे म्हणाले, पणजोबांचा असेल, पण मधल्या काळात तुमचं घर सहा वर्षं बंद होतं, तेव्हा मान कोणी सांभाळला? मी अहवालाची पाने मांडीवर धरून ऊन ओटीच्या पहिल्या खांबावरून तिसऱ्या खांबावर सरकताना पाहत बसलो.

शेवटी दोघांना एकाच वेळी विडे देण्यात आले आणि मी वाचू लागलो.

"शहरातील कुटुंबांत पानाचा डबा आणि अडकित्ता ठेवण्याची रीत मागे पडत चालली आहे," असे वाक्य मी वाचले. ते मला फार आवडले होते. पण कोणाला ऐकू गेले असेल असे वाटत नाही. ओटीवर बसलेल्या प्रत्येकाच्या हातात अडकित्ता होता आणि कटकट कटकट असा आवाज चालला होता. मी आवाज चढवला. "शहरी मनुष्य कातरलेली, सुवासिक सुपारी कागदाच्या पुडीत विकत घेऊ लागला आहे!"

"कातरून ठेवली की शिळी होते," शनिवारचे म्हणाले.

"शिळी कोण खातो?"

"दलाल."

सगळे हसले. मीही हसलो, आणि हसताना स्वतःचाच राग आला.

त्या सभेत एकच गोष्ट कामाची झाली. कॉलेजातल्या माझ्या एका मित्राचे पत्र आले होते. मांडवीकडच्या एका शेटने सुपारी कातरण्याचे यंत्र आणले आहे. पुड्या बांधून ठिकठिकाणी पाठवायचा त्याचा बेत आहे. त्याला वर्षभर माल देणारे गाव हवे आहे. दलाल मध्ये नको. एक पोते वानगी पाठवा, पसंत पडली तर पुढचे बोलू.

"दलाल मध्ये नको" एवढे ऐकताच अडकित्ते थांबले. मला वाटले, जिंकलो.

पण वानगी कोणाची पाठवायची?

आमच्या गावातून गावाच्या नावाने जे काही बाहेर जाते ते मानकऱ्याच्या घरचे जाते. देवीचा पहिला नारळ, पालखीची फुले, मामलेदार आला तर त्याच्यापुढची केळी. वानगी गावाच्या नावाने जायची, म्हणजे ती सोमवारच्या घरचीच जाणार. यावर कोणी बोललेही नाही. आजोबांच्या वाडीतली सुपारी म्हणजे गावाचा अभिमान : लिंबाएवढी, पांढरी, दाताखाली मऊ. त्यांनी स्वतः बसून एकेक दाणा निवडला. तिसरा दिवस गेला, चौथा गेला. थोडासा डाग दिसला की बाजूला. आकाराने कमी दिसला की बाजूला.

आता माझ्या अहवालाच्या अकराव्या पानावर, यंत्राच्या रकान्यात, मी माझ्याच हाताने लिहिले होते : "यंत्रास एकसारखा आणि बेताच्या आकाराचा माल लागतो." हे मला माझ्या मित्रानेच कळवले होते. आजोबा दाणे निवडत होते तेव्हा मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. अकरावे पान मला आठवत होते. आणि मी काय केले? "आजोबा, हा डागाळलेला दिसतो," असे म्हणत त्यांना मदत केली.

त्याच वेळी काकूंनी माजघराच्या दारातून मला हाक मारून विचारले, "माझी दोन मूठ टाकायची का रे त्यात?"

आजोबांनी ऐकले. "अहो वहिनी, ही गावाची वानगी आहे. बारीक सुपारी बघून शेट काय म्हणेल? गाव उपाशी आहे म्हणेल."

काकू आत गेल्या. मी पोत्याचे तोंड शिवले.

निघण्याच्या दिवशी आजोबांनी पोत्याला हळदकुंकू लावले. पडाव घेऊन आलेल्या कोळ्याने ते पाहिले आणि विचारले, "याचं लगीन हाय का काय?"

"गावाची वानगी आहे ती," मी म्हणालो.

"मंग तिला नीट बसवा. तुमी भिजलाव तरी चालंल."

पडाव आगबोटीला लागला तेव्हा मी खरोखरच भिजलो होतो. पोते कोरडे होते.

शेटची वखार अंधारी होती, पण शेट मोठा मोकळा माणूस होता. त्याने दाणा हातात घेतला, वास घेतला, दाताने फोडला, आणि म्हणाला, "वाह. आवी सुपारी मी वीस वरस नाही खाल्ली."

माझा ऊर भरून आला. मग त्याने यंत्राच्या भोकात दाणा टाकला. दाणा आत गेलाच नाही. वरच अडकून बसला. त्याने थोडा लहान दाणा शोधून काढला आणि चाक फिरवले. आतून भुगा पडला. मऊ सुपारी पात्याखाली चिरडली गेली होती. पुडीत घालायला पातळ, गोल चकत्या हव्या होत्या.

"भाई, आ तो बहु मोटी. ही देवापुढे ठेवा," शेट म्हणाला. "नानी नथी? लहान, कडक? ती असेल तर जेवढी असेल तेवढी मी घेतो."

पुढे जे घडले ते मला आजही समजावून सांगता येत नाही. मला काकूंची वाडी माहीत होती. त्यांच्या अंगणात वाळत घातलेली सुपारी मी सात वर्षे गुरुवारी जेवायला जाताना ओलांडली होती. अकरावे पान तर माझेच. आणि मी ताठ उभा राहून म्हणालो, "आमच्या गावात लहान सुपारी होतच नाही."

हे मी बोललो की सोमवारचा भात बोलला, देव जाणे. गावाला उपाशी म्हणवून घ्यायचे नाही, एवढेच त्या क्षणी डोक्यात होते. शेटने खांदे उडवले. "पछी सिलोनची घेऊ."

जिना उतरताना तिसऱ्या पायरीवरच मला कळले होते की मी काय केले आहे. परत चढून जायला हवे होते. पण परत जायचे म्हणजे खोटे बोललो हे सांगायचे, आणि खोटे कशासाठी बोललो हेही सांगायचे. मी भाऊच्या धक्क्यावर जाऊन बसलो. रेवसची लाँच गेली. आमच्या बोटीला अजून वेळ होता. परत जाण्याइतका वेळ होता. मी गेलो नाही.

गावी सभा बोलावली गेली. या वेळी विड्याचा वाद लवकर मिटला, कारण शनिवारचे रुसून आलेच नव्हते. मी यंत्राची हकीकत सांगितली. शेटचा प्रश्न आणि माझे उत्तर तेवढे गाळले.

आजोबांनी अडकित्ता खाली ठेवला. मला वाटले, आता हा शहाणा माणूस काहीतरी बोलेल.

"यंत्रच खराब असेल," ते म्हणाले.

"असणारच," मंगळवारचे म्हणाले. "एवढ्या चांगल्या सुपारीला नाही म्हणतं म्हणजे काय?"

मग ठराव झाला : शेटजींनी आपल्या यंत्राची भोके मोठी करून घ्यावीत, अशी त्यांना विनंती करणारे पत्र सोसायटीने लिहावे. चांगल्या इंग्रजीत. कोणी लिहावे? बीए आहे ना.

मी बी.ए. कशासाठी झालो असा प्रश्न मला त्या दिवशी प्रथम पडला. आणि तरीही मी पत्र लिहिले. चांगल्या इंग्रजीत लिहिले. आजोबांनी ते मोठ्याने वाचून घेतले, त्यातला एक शब्द त्यांना फार आवडला, तो पुन्हा वाचायला लावला. उत्तर कधीच आले नाही. शेट ते पत्र वाचून किती हसला असेल याचा विचार मी अजूनही टाळतो.

अक्षय्य तृतीया दहा दिवसांवर आली. काकूंनी दिरांना होकाराचे पत्र लिहून घ्यायला मला बोलावले. मी पाटावर बसलो. "ती. भाऊजींना सा. न.," एवढे लिहिले आणि पुढे लिहिता येईना. मग सगळे सांगून टाकले. भोक, भुगा, शेटचा प्रश्न, माझे उत्तर.

काकू चुलीपुढे बसल्या होत्या. त्यांनी फुंकणी खाली ठेवली.

"म्हणजे त्याला माझीच सुपारी हवी होती."

"हो."

"आणि तू म्हणालास, आमच्याकडे ती होत नाही."

"हो."

"का? लाज वाटली?"

मी मान खाली घातली.

"मेल्या, सात वर्षं गुरुवारी जेवलास. कधी भात लहान मुदीने वाढला होता का तुला मी?"

त्यांनी फुंकणी उचलली, दोनदा फुंकर घातली, जाळ पेटला तशा म्हणाल्या, "दोन पोती सोलून ठेवलेली आहेत. पुढची बोट कधी?"

"परवा."

"मग ते पत्र फाड. आणि या वेळी तोंड उघडायच्या आधी पोतं उघड."

पडावातला कोळी तोच होता. कुंकू नसलेली पोती बघून तो म्हणाला, "ही बिनलग्नाची जनू."

शेटसमोर मी पोतेच आधी उघडले. दाणा भोकातून घरंगळत आत गेला आणि खालून पातळ, गोल चकत्या पडल्या, पांढऱ्यावर तपकिरी रेषा असलेल्या. शेटने चार दाणे आणखी टाकले. मग माझ्याकडे पाहिले.

"तुमच्या गावात तर ही होत नाही."

"मी नीट पाहिलं नव्हतं," मी म्हणालो. याहून खरे बोलणे माझ्याने झाले नाही.

तो खो खो हसला. "बी.ए. आहात ना? म्हणून." काकूंची सगळी सुपारी त्याने घ्यायचे कबूल केले, आणि म्हणाला, आणखी जेवढी असेल तेवढी आणा.

आणखी होतीच. प्रत्येक वाडीत बारीक दाणा निघतोच. सोमवारच्या घरीसुद्धा निघे. निवडून बाजूला टाकलेला तो माल दलाल झाडलोट म्हणून उचलून नेई. मी पुन्हा वही काढली, पुन्हा सात घरे फिरलो. या वेळी प्रश्न एकच होता : तुमच्याकडे बारीक सुपारी किती आहे?

"आमच्याकडे?" मंगळवारचे म्हणाले. "आमच्याकडे बारीक होत नाही."

सातांपैकी सहा घरांत हेच उत्तर. माझेच वाक्य. मी ते शेटसमोर बोललो तेव्हा मला वाटले होते की ते माझ्या एकट्याच्या मूर्खपणाचे आहे.

वही बंद केली आणि काकूंकडे जाऊन सांगितले, की पुढे काही होणे नाही. त्या म्हणाल्या, "तू बाप्यांना विचारलंस. बायकांना विचार." आणि मला न विचारताच त्यांनीच विचारले. विहिरीवर, बहुधा.

चारपाच दिवसांत काकूंच्या मागच्या कुंपणातल्या बेड्याने टोपल्या येऊ लागल्या. वर केळीचे पान झाकलेले. मंगळवारच्या घरची सून आली, शनिवारच्या घरची सासू आली. सोमवारच्या आजोबांची धाकटी सून दोन टोपल्या घेऊन आली आणि जाताना म्हणाली, "ही तुमचीच हो, काकू. आमच्याकडे बारीक होत नाही."

"माझीच ती," काकू म्हणाल्या.

वाडी राहिली. गिरगावात दिरांकडे दुसरेच पत्र गेले, तेही मीच लिहिले. पावसाळ्यानंतर बोटी सुरू झाल्या तेव्हा पोत्यांमागे मीच जाऊ लागलो, आणि पुढे काही वर्षे जातच राहिलो. मांडवीला काकूंची सुपारी अशीच ती ओळखली जाई. माझ्या अहवालाबद्दल सोसायटीने आभाराचा ठराव केला, त्याला कापडी बांधणी करवली आणि कपाटात ठेवून कुलूप घातले. चावी आजोबांच्या जानव्याला असे.

दुसऱ्या वर्षीच्या सभेत, विडे झाल्यावर, आजोबांनी मला जवळ बसवले.

"बीए, एक गोष्ट मला कळत नाही. वहिनींची वाडी ती केवढी. आणि पोती जातात ती किती! हे कसं?"

ओटीवर सगळे अडकित्ते एकदम थांबले. आतून, माजघराच्या दाराआडून, सुनांच्या बांगड्यांचा आवाज आला आणि बंद झाला. मी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिले. मंगळवारचे खांबाकडे पाहत होते. शनिवारचे पानाचे देठ खुडत होते. एकानेही मान वर केली नाही.

"मला वाटतं," आजोबा सावकाश म्हणाले, "यात कोणीतरी दलाल शिरला आहे."

"असणारच," सगळे म्हणाले.

मी त्यांच्या तबकातली एक सुपारी उचलली, मोठी, पांढरी, आणि अडकित्त्यात धरली.